लाइट बंद झाल्यावर कॉम्पोझिट काय करतं? फिलिंगचे पहिले चोवीस तास, पायरीपायरीने

कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, निळ्या लाइटने घट्ट (क्युअर) करतात. त्या लाइट क्युअरची बीप वाजली, प्रोबचं (टोकदार अवजाराचं) टोक फिलिंगवरून ओढून बघितलं, कडक लागलं की आपल्या लेखी काम झालं. पेशंटलाही आपण तेच सांगतो, "झालं, सेट झालं." चांदी भरण्याच्या मानाने ते खरंही आहे. चांदी भरली की त्या बाजूने दिवसभर चावू नका म्हणून बजावावं लागायचं. इथे माणूस घरी जाऊन जेवू शकतो. पण कडक लागणं वेगळं आणि पूर्ण होणं वेगळं. बीप वाजते तेव्हा रेझिनमधले साधारण ५० ते ७० टक्केच दुहेरी बंध जुळलेले असतात. त्यानंतर मिनिटागणिक, तासागणिक कॉम्पोझिट आणखी कडक होतं, आणखी थोडं आकसतं, त्याचा रंग बदलतो, न जुळलेला मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) बाहेर झिरपतो आणि लाळेतलं पाणी आत शिरतं. या प्रत्येक बदलाचा वेग निराळा आहे. बाइट (वरखालचे दात कसे मिळतात ते) कधी तपासायची, पॉलिश कधी करायचं, रंगाबद्दल निकाल कधी द्यायचा, हे त्या वेगांवरून ठरवायचं असतं. इंटर्नशिप संपवून स्वतःची चेअर टाकलेल्या डॉक्टरांना समोर ठेवून हे लिहितोय.

आत काय चालू असतं

बहुतेक कॉम्पोझिटमध्ये बिस-जीएमए, यूडीएमए, टेगडीएमए अशी रेझिनं असतात आणि त्यात सिलेन (रेझिन आणि काच जोडणारं रसायन) लावलेले काचेचे किंवा सिलिकाचे बारीक कण, म्हणजे फिलर. बिस-जीएमएचं रफाएल बोवेन यांचं पेटंट १९६२ सालचं. त्यानंतर फिलर कितीतरी बदलले, पण बऱ्याच ट्यूबमधलं रेझिन अजून त्याच घराण्यातलं आहे. प्रकाश शोषण्याचं काम बहुधा कॅम्फरक्विनोन करतं. ते स्वतः पिवळं असतं आणि ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. अमाइनच्या जोडीने त्यातून फ्री रॅडिकल (साखळी सुरू करणारे चपळ रेणू) तयार होतात, मोनोमर एकमेकांना जुळत जातात आणि काही सेकंदांत मऊ पेस्टची घट्ट जाळी होते.

जाळी घट्ट झाली की रेणूंना हलायला जागा उरत नाही. रॅडिकल जिवंत असतात, मोनोमरही शिल्लक असतो, पण दोघांची गाठ पडत नाही. म्हणून लाइट चालू असतानाच वेग पडायला लागतो, आणि लाइट बंद झाल्यावर प्रक्रिया थांबत नाही, रेंगाळते. या उरलेल्या क्युअरचा बराच भाग पहिल्या तासाभरात होतो, बाकीचा २४ तासांपर्यंत हळूहळू. याला डार्क क्युअर म्हणतात. तोंडातल्या उबेत तो टेबलावर ठेवलेल्या नमुन्यापेक्षा बरा होतो, कारण तापमान वाढलं की साखळ्यांना थोडी हालचाल मिळते.

आता यातून निघणारा गैरसमज. "आज थोडं कमी क्युअर झालं असेल तरी उद्यापर्यंत होईलच." नाही होत. डार्क क्युअर चालतो तो लाइटने आधी तयार केलेल्या रॅडिकलवर. जिथे प्रकाश पोचलाच नाही तिथे रॅडिकलच नाहीत, मग अंधारात काय वाढणार? नंतरची वाढ ही भर आहे, दुरुस्ती नाही. म्हणून चोवीस तासांच्या या गोष्टीतल्या पहिल्या दोन पायऱ्या बीप वाजण्याआधीच्या आहेत.

पायरी १: लाइट लावण्याआधी

शेड (दाताच्या रंगाची छटा) रबर डॅम (दात कोरडा ठेवणारी रबरी चादर) लावण्याआधी घ्या, दात ओला असताना. कोरडा पडलेला दात काही मिनिटांत पांढरट दिसायला लागतो आणि मूळ रंगावर यायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ घेतो. समोरच्या दाताचं काम असेल तर शेड गाइडवर थांबू नका. निवडलेल्या कॉम्पोझिटचा मसुराएवढा गोळा एच-बाँड (ॲसिडने खरबरीत करून चिकटद्रव लावणं) न केलेल्या दातावर ठेवा, फिलिंग जेवढं जाड होणार साधारण तेवढा दाबा आणि पूर्ण क्युअर करा. मग चेअरचा लाइट बाजूला करून खिडकीच्या उजेडात बघा. पेशंटच्या हातात आरसा द्या. पसंत पडला तर प्रोबच्या टोकाने गोळा उडवायचा, लगेच निघतो.

क्युअर करूनच का बघायचं? कारण पेस्टचा रंग आणि क्युअर झालेल्या कॉम्पोझिटचा रंग एक नसतो. कॅम्फरक्विनोन खर्ची पडतं तसा पिवळेपणा कमी होतो. शिवाय जुळलेल्या रेझिनचा अपवर्तनांक वाढतो, तो फिलरच्या जवळ गेला की मटेरियल जास्त पारदर्शक दिसतं, दूर गेला तर कमी. कोणत्या ब्रँडमध्ये किती फरक पडतो हे स्वतः क्युअर करून बघितल्याशिवाय कळत नाही. एका दुपारी आपल्याकडच्या सगळ्या शेडच्या चकत्या क्युअर करून, पॉलिश करून डबीत ठेवल्या तर कंपनीच्या प्लॅस्टिकच्या शेड गाइडपेक्षा खूप उपयोगी पडतात.

साठवणुकीचं थोडक्यात. बहुतेक कंपन्या २ ते २५ अंश सेल्सिअस सांगतात. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात रात्री एसी बंद झाल्यावर क्लिनिकच्या कपाटात काय तापमान असतं हे वेगळं सांगायला नको, तेव्हा ट्यूब फ्रीजमध्ये हवी. पण फ्रीजमधून काढून थेट दातात नको. थंड पेस्ट घट्ट असते, भिंतीला नीट बसत नाही आणि क्युअरही कमी होते. तासभर आधी बाहेर काढा.

चेअरचा लाइट कमी करा किंवा त्यावर नारिंगी फिल्टर ओढा. आयएसओ ४०४९ या मानकात पेस्टने ८००० लक्स उजेडात ६० सेकंद टिकावं एवढीच अपेक्षा आहे. चांगले एलईडी चेअर लाइट यापेक्षा बरेच प्रखर असतात. पॅडवर पिळून ठेवलेली पेस्ट वरून कातडी धरते, तीच आपण दातात दाबतो आणि मग थरांत पोकळ्या राहतात.

आणखी दोन पथ्यं. आधी युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) असलेलं तात्पुरतं सिमेंट भरलं असेल तर ते पूर्ण काढून पोकळी नीट साफ करा, युजेनॉल पॉलिमरायझेशन (मोनोमर जुळणं) अडवतं. ब्लीचिंग नुकतंच झालं असेल तर एक-दोन आठवडे थांबा. दातात राहिलेला ऑक्सिजन बाँडचं नुकसान करतो.

पायरी २: लाइटचे सेकंद

दोन मिलिमीटरच्या थराला साधारण १६ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर ऊर्जा लागते असं ढोबळमानाने धरतात. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४०० मिलिवॅटचा लाइट असेल तर ४० सेकंद, ८०० चा असेल तर २० सेकंद. गडद आणि ओपेक शेडला जास्त. "३००० मिलिवॅट, ३ सेकंद" ही जाहिरात गुणाकारातच बसत नाही, ९ ज्यूलच होतात, आणि रसायनातही प्रत्येक वेळी बसतेच असं नाही. एकदम फार रॅडिकल तयार झाले की ते एकमेकांनाच भेटून संपतात. त्या वेगासाठी खास बनवलेलं मटेरियल नसेल तर मी त्या सेटिंगला हात लावत नाही.

खोक्यावरचा आकडा हा नवीन लाइटचा, टोक सेन्सरला टेकवलेला असतानाचा असतो. आपल्या हातात असतो तो दोन वर्षं वापरलेला, टोकावर जुनं रेझिन चिकटलेला, वर सुरकुतलेली स्लीव्ह चढवलेला. दुसऱ्या वर्गाच्या (दोन दाढांच्या मधल्या बाजूच्या) पोकळीत हिरडीकडचा तळ टोकापासून ६ ते ८ मिलिमीटर लांब असतो आणि त्यात पेशंटचं तोंड पुरतं उघडत नाही म्हणून टोक तिरकं. एवढं सगळं जमून आलं की तळाशी किती पोचत असेल? आणि दुय्यम कीड बहुतेक वेळा सुरू होते ती तिथेच. म्हणून पहिल्या थराला दुप्पट वेळ द्या, पहिल्या सेकंदानंतर मान वळवू नका, चष्मा लावून टोकाकडे बघत राहा. मॅट्रिक्स (दाताभोवतीची पट्टी) काढल्यावर गालाकडून आणि जिभेकडून परत एकेकदा क्युअर करा.

रेडिओमीटर (लाइटची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर आठवड्यातून एकदा लाइट तपासा. नसेल तर खरवडण्याची चाचणी करा. आयएसओ ४०४९ मधल्या चाचणीचंच हे घरगुती रूप आहे आणि त्यातून डार्क क्युअरची मर्यादाही डोळ्यांनी दिसते.

साधारण ४ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची स्ट्रॉ घ्या आणि ८ मिलिमीटर लांबीचे तीन तुकडे कापा. बाहेरून काळ्या मार्करने रंगवा, म्हणजे बाजूने प्रकाश शिरणार नाही. काचेच्या स्लॅबवर मायलार स्ट्रिप (पारदर्शक पट्टी), तिच्यावर तुकडा उभा, आत ए-टू शेडचं कॉम्पोझिट हवा न अडकवता दाबून भरा, वर पुन्हा स्ट्रिप. पहिल्या तुकड्याला टोक टेकवून नेहमीचे २० सेकंद द्या. लगेच नळी कापून काढा आणि खालच्या बाजूचं मऊ मटेरियल प्लॅस्टिकच्या स्पॅच्युलाने खरवडून टाका. सुरुवातीला ओलसर पेस्ट निघते, मग चुरा, मग स्पॅच्युला घसरायला लागतो. उरलेली कडक लांबी मोजा आणि निम्मी करा. ५ मिलिमीटर भरली तर तुमचा भरवशाचा थर अडीच मिलिमीटर. ४ च्या खाली आली तर दोन मिलिमीटरचा थरही धोक्यात आहे.

दुसरा तुकडा लाइटचं टोक ७ मिलिमीटर वर धरून करा. आकडा बघून अनेकांची झोप उडते.

तिसरा तुकडा पहिल्यासारखाच क्युअर करा, पण खरवडू नका. तसाच बंद डबीत, अंधारात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खरवडा. वरचा भाग आदल्या दिवसापेक्षा कडक झालेला असतो, कडक-मऊची हद्द मात्र फारशी हललेली नसते. खालची पेस्ट पेस्टच राहते. लाइटवर पैसे खर्च करायला नको म्हणणाऱ्या पार्टनरला हा तुकडा दाखवा.

पायरी ३: बीपनंतरची पहिली दहा मिनिटं

या दहा मिनिटांत सर्वांत जास्त घडामोडी होतात आणि आपण नेमके याच वेळी घाईत असतो.

आधी आकसणं. नेहमीच्या कॉम्पोझिटचं आकारमान २ ते ३ टक्क्यांनी कमी होतं, फ्लोएबलचं (पातळ, वाहत्या कॉम्पोझिटचं) त्याहून जास्त, ५ टक्क्यांच्या घरातही. पेस्ट मऊ असेपर्यंत हे आकसणं मोकळ्या पृष्ठभागाकडून मटेरियल ओघळून भरून निघतं. जाळी घट्ट झाली की ओघळणं बंद, त्यापुढचं सगळं आकसणं बाँडवर आणि कस्पवर (दाढेच्या उंचवट्यांवर) ताण टाकतं. १९८७ मध्ये फाइल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला सी-फॅक्टर तो हाच: चिकटलेल्या भिंती भागिले मोकळे पृष्ठभाग. पहिल्या वर्गाच्या (दाढेच्या चावण्याच्या बाजूच्या) खोक्यात पाच भिंती आणि एकच मोकळी बाजू, म्हणजे ५. लाइट बंद झाल्यानंतरचं आकसणं आकड्याने लहान असतं, पण तोवर मटेरियल ताठ झालेलं असतं, त्यामुळे त्याचा ताण लहान नसतो. त्यात लाइटने आणि रासायनिक प्रक्रियेने तापलेलं फिलिंग थंड होताना अजून थोडं आकसतं. बाँडिंगची ताकदही या वेळी पुरती आलेली नसते, ती दिवसभरात वाढते.

अशा ताणलेल्या कडेवर बीप वाजताक्षणी कोरडी डायमंड बर (घासायचं फिरतं अवजार) जोरात फिरवली की कडेचं इनॅमल चिरतं आणि दात-फिलिंगच्या सीमेवर पांढरी रेघ उमटते. ही रेघ नेहमी घाईमुळेच येते असं नाही, नुसत्या ताणानेही येते. पण घाईने ती नक्की वाढते. म्हणून या दहा मिनिटांत बरऐवजी पुढची कामं करा.

ग्लिसरीन जेल. हवेला लागून असलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजन रॅडिकल खाऊन टाकतो आणि मायक्रोमीटरांत मोजावा असा चिकट थर न जुळलेलाच राहतो. थरावर थर देताना तो चालतो. शेवटच्या थरावर मात्र तो रंग धरतो, लवकर झिजतो आणि मोनोमर सोडतो. त्यावर ग्लिसरीन जेलचा पातळ लेप द्या आणि आणखी २० सेकंद लाइट द्या. जेल नसेल तर मायलार स्ट्रिपखाली क्युअर केलेला पृष्ठभागही चालतो, पण दाढेच्या खाचांत स्ट्रिप बसत नाही. नंतर बरने पृष्ठभागच काढून टाकणार असाल तर तेवढ्यापुरती जेलची गरज नाही, हेही खरं. माझा आग्रह आहे तो दोन दातांच्या मधल्या कडा आणि खोल खाचांसाठी. तिथे पॉलिशर पोचत नाही.

जेल धुतल्यावर पाण्याच्या स्प्रेने फिलिंग नीट धुवा आणि पेशंटला चूळ भरायला लावा. न जुळलेल्या मोनोमरपैकी जो सुटणार त्यातला मोठा हिस्सा पहिल्या दिवसात सुटतो आणि पृष्ठभागावरचा सगळ्यात आधी. ज्यांना मेथाक्रिलेटची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी हे धुणं महत्त्वाचं. आपल्यासाठीही पथ्य आहे: कच्चं कॉम्पोझिट ग्लोव्ह घातलेल्या बोटांनी वळू नका. मोनोमर पातळ ग्लोव्हमधून काही मिनिटांत आरपार जातो आणि बोटांच्या टोकांना पुरळ घेऊन फिरणारे डेंटिस्ट कमी नाहीत.

उष्णतेचं भान ठेवा. झॅक आणि कोहेन यांच्या १९६५ च्या माकडांवरच्या प्रयोगात पल्पचं (दाताच्या आतल्या नसेचं) तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावर १५ टक्के पल्प सावरले नाहीत. हा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, पण खोल पोकळीत पातळ डेंटिनवर (इनॅमलखालच्या थरावर) जोरकस लाइट सलग फिरवायचा नाही एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. दोन थरांमध्ये थोडं थांबा आणि क्युअर करताना असिस्टंटला बाजूने हवा मारायला सांगा.

पायरी ४: आज किती घासायचं आणि उद्यासाठी किती ठेवायचं

फिनिशिंग लगेच की २४ तासांनी, यावर प्रयोगशाळेतले निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. काहींत उशिरा केलेल्या फिनिशिंगच्या कडा आणि कडकपणा बरा दिसतो, काहींत फरकच दिसत नाही. बहुतेक कंपन्या लगेच करायला परवानगी देतात. प्रत्यक्षात जळगावहून पुण्याला एका दिवसासाठी आलेल्या पेशंटला "पॉलिशला उद्या या" म्हणणं शक्य नसतं. तेव्हा मधला मार्ग असा.

आकार आणि बाइट आजच. त्याला पर्याय नाही, उंच फिलिंग घेऊन घरी पाठवता येत नाही. आर्टिक्युलेटिंग पेपरवर (चावल्यावर ठिपके उमटवणाऱ्या कागदावर) नुसतं "टक-टक चावा" न म्हणता जबडा दोन्ही बाजूंना सरकवायला लावा. बारीक दाण्याची फिनिशिंग डायमंड किंवा मल्टिफ्लूट कार्बाइड बर, भरपूर पाणी, हलका हात, आणि बर फिलिंगकडून दाताकडे न्यायची की कडेला समांतर, हे ठरवून. भूल उतरलेली नसेल तर ओठ-गाल बधिर असलेला माणूस कसाही चावतो, त्या बाइटवर पूर्ण विश्वास ठेवू नका.

दाढेचं पॉलिश आजच उरकलं तरी फार बिघडत नाही. समोरच्या दातांचं मात्र आज आकारापर्यंत आणा, साधं गुळगुळीत करा आणि शेवटची चकाकी, बारीक उंचसखलपणा, रंगाचा निकाल हे सगळं पुढच्या भेटीत. त्याची तीन कारणं आहेत: तोवर कॉम्पोझिट जास्त कडक झालेलं असतं, त्यामुळे चकाकी चांगली चढते, दात पुन्हा ओला होऊन आपल्या रंगावर आलेला असतो, आणि पेशंटने घरच्या आरशात, घरच्या माणसांसमोर दात बघितलेला असतो. तिसरं कारण पुस्तकात नसतं, पण वाद टाळतं.

पांढरी रेघ दिसलीच तर ती अजून घासत बसू नका. कड साफ करून एच करा, धुवा, वाळवा, फिलर नसलेलं पातळ रेझिन लावा, हवेने पसरवा आणि क्युअर करा. फटीत रेझिन शिरलं की रेघ बहुधा मावळते.

पायरी ५: पेशंटला घरी पाठवताना

"आता लगेच जेवलं तर चालेल का?" हा प्रश्न ठरलेला. चालेल, भूल उतरल्यावर. नाहीतर गाल चावला जातो. पण मोठं फिलिंग असेल तर पहिला दिवस सुपारी, चिक्की, फुटाणे, हाडं त्या बाजूला नकोत. बाँडला त्याची पूर्ण ताकद यायला वेळ हवा, एवढंच कारण.

रंगाचं पथ्य जास्त महत्त्वाचं, आणि इंग्रजी पुस्तकांतली "कॉफी, रेड वाइन" ही यादी इथे अपुरी पडते. आपल्याकडे पहिला शत्रू हळद. कर्क्युमिन रेझिनला पटकन धरतं, आणि क्युअरनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पृष्ठभाग पाणी पीत असतो, त्याबरोबर रंगही आत जातो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो, दाढेला ऊन मिळत नाही. समोरच्या दातांचं काम असेल तर ४८ तास पिवळं वरण, रस्सा, लोणचं, कडक चहा, पान, बीट टाळायला सांगा. दहीभात, दूध-पोळी, साबुदाण्याची खीर, इडली-पांढरी चटणी असे पदार्थ नाव घेऊन सुचवा. "रंगाचं खाऊ नका" एवढं सांगितलं की लोक जेमतेम बीटच टाळतात. मिश्री किंवा तंबाखू लावणाऱ्यांना तर वेगळं बजावायलाच हवं, कारण मिश्री घासूनच लावली जाते आणि नव्या पृष्ठभागावर ओरखडेही पडतात. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश याच दिवसांत सुरू करू नका, त्याचेही डाग पडतात. अल्कोहोल असलेली माउथवॉशही नकोत, अल्कोहोल रेझिनला मऊ करतं.

आणि हे आधीच सांगून ठेवा: "ताई, आज शेजारचे दात जरा जास्त पांढरे दिसतील, फिलिंग पिवळं वाटेल. परवा बघा, मग फोन करा." हे वाक्य आधी बोललं तर माहिती असते, नंतर बोललं तर सबब वाटते.

पायरी ६: दुसरा दिवस आणि पुढचा आठवडा

चोवीस तासांनी डार्क क्युअर जवळपास आटोपलेला असतो, पाण्याचं काम मात्र नुकतं सुरू झालेलं असतं. आयएसओ ४०४९ प्रमाणे सात दिवस ३७ अंशांच्या पाण्यात ठेवल्यावर कॉम्पोझिटने दर घन मिलिमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पाणी शोषू नये आणि साडेसात मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विरघळू नये. शोषलेल्या पाण्याने फिलिंग किंचित फुगतं आणि आकसण्याचा काही भाग भरून निघतो, आत ओढले गेलेले कस्पही थोडे सैल होतात. काही लेखांत याला आकसण्यावरचा उतारा म्हटलेलं असतं. पण वेळ बघा: आकसणं मिनिटांत होतं, फुगणं दिवस-आठवड्यांत. पहिल्या तासात जो बाँड सुटला तो आठवड्याने फुगून परत चिकटत नाही. शिवाय हेच पाणी रेझिनला थोडं मऊ करतं.

दुसऱ्या दिवशीच्या फोनचे प्रकार ठरलेले असतात.

"दात उंच लागतोय." हे खरं माना आणि बोलवा. भूल उतरल्यावरची बाइट वेगळी असते. बहुतेकदा जबडा सरकवताना लागणारा एक ठिपका सापडतो आणि काम दोन मिनिटांत होतं. "होईल सवय" म्हणून टाळलं तर आठवड्याने दात ठोकल्यावर दुखायला लागतो.

"थंड लागतं." काही दिवस चालतं, हळूहळू कमी होत जायला हवं. दोन आठवड्यांनी तसंच असेल तर कड, खोली, पल्प सगळं पुन्हा बघा.

"चावताना एकदम कळ जाते, बाइट तर बरोबर आहे." इथे फिलिंगखाली फट असण्याची शंका घ्या: तळाचा बाँड आकसण्याने सुटलाय, किंवा तळाचा थर कच्चा राहिलाय. चावलं की फटीतलं पाणी डेंटिनच्या नळ्यांत हलतं. दातात चीर नाही ना हे आधी तपासा, आणि नसेल तर फिलिंग काढून पुन्हा करा, या वेळी पहिला थर पातळ आणि लाइट दुप्पट. वाट बघून हे बरं होत नाही.

"रात्री आपोआप ठणकतं." हे पल्पचं दुखणं. बाइट घासत बसू नका, एक्स-रे काढा आणि रूट कॅनालची तयारी ठेवा.

पुढच्या भेटीत कोपरा कमी वाटला, शेड हलकी भासली, तर ताज्या फिलिंगवर भर घालणं सोपं असतं. आत न जुळलेले बंध भरपूर शिल्लक असतात. तरी पॉलिश केलेल्या किंवा लाळ लागलेल्या पृष्ठभागावर थेट पेस्ट ठेवू नका. बरने पृष्ठभाग खरबरीत करा, फॉस्फोरिक ॲसिडने साफ करा, धुवा, वाळवा, बाँड लावून क्युअर करा आणि मग नवा थर द्या. काही महिने-वर्षं जुन्या फिलिंगवर एवढ्याने भागत नाही, तिथे मोकळे बंध फारसे उरलेले नसतात. खरबरीत करणं जास्त खोल हवं, सोय असेल तर ॲल्युमिना सँडब्लास्टिंग, आणि बाँडच्या आधी सिलेनचा हात. भर घातलेल्या तुकड्यालाही हळदीचं पथ्य पुन्हा पहिल्यापासून, ४८ तास.